मना नाय ठाव म्हणणारी चांगुणाबाय

आमच्या नातसुनेला आठवा लागलाय. परवा दुपारी दोघी भाजी निवडत बसलो होतो, तर ती मधेच पोटावर हात ठेवून गप्प झाली. मी विचारलं, "काय गं?"

"काही नाही आजी. सकाळपासून फारसं हललं नाही. झोपलं असेल."

"असेल नाहीतर नसेल. मला ठाऊक नाही. ऊठ, विचारून येऊ."

ती हसायला लागली. "आजी, तुमची एवढी बाळंतपणं झाली. तुम्हाला ठाऊक नाही तर कुणाला असणार?"

मी म्हटलं, चप्पल घाल. रिक्षा करून गेलो. डॉक्टरणीने पोटाला पट्टा बांधला, मशीनवर ठोके ऐकवले, घोडा पळतो तसे. सगळं नीट होतं. परत येताना पोरगी म्हणाली, "उगाच गेलो ना."

मी म्हटलं, "उगाच जाऊन परत येण्यासारखं सुख नाही."

हे बोलणं माझं नाही, चांगुणाबायचं आहे. तिला जाऊन किती वर्षं झाली तेही मला माहीत नाही. पण परवा रिक्षात ती माझ्या तोंडाने बोलली, म्हणून सांगते. माझी शाळा दुसरीपर्यंत. मी बोलते, नात लिहून घेते.

चांगुणाबाय आमची घरमालकीण. ठाकुर्लीला रुळांच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला तिचं भातशेत होतं. शेताच्या कडेला तिने खोल्यांची एक ओळ बांधून भाड्याने दिलेली. मातीची जमीन, वर कौलं, पाणी विहिरीचं. भाडेकरू सगळे आमच्यासारखे कोकणातून आलेले, कुणी रेल्वेत, कुणी गिरणीत. आमचे हे कल्याणला इंजिनांच्या शेडमध्ये होते. मी लग्न होऊन आले तेव्हा इंग्रज जाऊन वर्ष झालं असेल नसेल.

ती स्वतः समोरच राहायची, म्हैस आणि बैलजोडी यांच्या शेजारी. जात आगरी. नवरा फार आधी गेलेला. उंच, काळीसावळी, लुगडं गुडघ्यापर्यंत घट्ट कासोटा मारून नेसलेलं, दंडात चांदीचं कडं, दाताला मिसरी. आवाज असा की या बांधावरून त्या बांधावर बोलायची सवय, ती खोलीत आल्यावर पण तेवढाच ठेवायची. सकाळी पॉवर हाऊसचा भोंगा व्हायचा त्याच्या आधी तिचा आवाज. म्हशीला शिव्या घालायची, त्यात माया असायची.

पहिल्या दिवशी मी तिला म्हटलं, "तुम्ही बसा ना."

तिने मागे वळून बघितलं. "मी एकटीच हाय. तुमी कोन गो?"

तेव्हापासून मी तिला तू म्हणायला लागले. माझ्या आईच्या वयाची बाई, पण तुम्ही म्हटलं की ती मागे वळून बघायचीच. पुढे तो तिचा खेळ झाला.

आता तिची मुख्य खोड सांगते. तिला कशाचीही लाज नव्हती, आणि सगळ्यात कमी लाज होती ती आपल्याला एखादी गोष्ट कळत नाही याची. "मना नाय ठाव" हे ती असं म्हणायची, जसं दुसरा कुणी म्हणेल माझ्याकडे दोन म्हशी आहेत. आणि लगेच पुढे, "चल, इचारू." ठाकुर्ली स्टेशनातल्या मास्तराला तिने एकदा जाऊन विचारलं की हा लाल दिवा लागला म्हणजे गाडी येते का गाडी गेली. तिला म्हैस रुळापलीकडे न्यायची होती. मास्तर म्हणाला, लाल म्हणजे थांबायचं. ती म्हणाली, "गारीनं थांबायचं का म्हशीनं?" मास्तर खुर्चीवरून उठला. मग तिच्यासोबत बाहेर येऊन त्याने सगळं दाखवलं, सिग्नलचा हात वर, हात खाली. दुसऱ्या दिवशी तिने तेच परत फाटकवाल्याला विचारलं. मी म्हटलं, काल मास्तराने सांगितलं ना. तर म्हणे, "मास्तरची काय म्हस हाय?"

पोस्टमन तिला लांबून बघितली की सायकल वळवायचा. ती त्याला थांबवून कुठली पत्रं कुठून आली, तिकडे पाऊस आहे का, सगळं विचारायची. तिला स्वतःला कधी पत्र यायचं नाही.

मला एकदा थंडीताप आला होता. डॉक्टरांकडचं औषध तेव्हा बाटलीतून मिळायचं, लाल पाणी, आणि बाटलीला कागदाची पट्टी चिकटवलेली, कडेला खाचा कापलेल्या. एक खाच म्हणजे एक वेळचं औषध. आमच्या बाटलीत सगळी भुकटी तळाला बसली होती. झालं, चाळीत वाद. शेजारची म्हणाली, बाटली हलवली की औषधाची ताकद मोडते. तिचा नवरा म्हणाला, वरचं पाणी औषध, खालचा गाळ टाकायचा. प्रत्येकाला ठाऊक होतं. चांगुणाबाय बाटली उचलून चालत डोंबिवलीला गेली, परत डॉक्टरांच्या कंपौंडरकडे.

तो वैतागला. "बाई, बाटलीवर लिहिलंय ना, हलवून घ्या."

"लिवलंय ते वाचनाऱ्याला. मना सांगायला तुना तोंड दिलंय ना देवानं?"

परत आली ती चिखलात पाय भरवून, आणि चाळीच्या मधोमध उभी राहून ओरडली, "हालवायची गो! सगल्यांनी हालवायची!" दुसऱ्या खोलीतली म्हातारी कितीतरी दिवस नुसतं वरचं पाणी पीत होती, तिने तेव्हापासून हलवायला सुरुवात केली.

अशी ती. लोक हसायचे. मी पण हसायचे. मग माझ्यावर वेळ आली.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमची रीत. मला सातव्यात गावी नेऊन सोडलं. आठवा सरता सरता पोट गप्प झालं. आधी रात्रंदिवस लाथा मारणारं पोर, ते एकदम शांत. मी आईला सांगितलं. आई म्हणाली, पोर मोठं झालं की त्याला आत जागा उरत नाही, गप्पच असतं. काकी म्हणाली, मुलगी असली की शांत असते. सुईण म्हणाली, बाहेर यायच्या आधी ते ताकद साठवतं. घरात जी येईल तिला ठाऊक होतं. मला बरं वाटलं. मग काही दिवसांनी कळा आल्या. मुलगी झाली. रडली नाही.

मी कुणाला बोल लावत नाही, तेव्हाही लावला नाही. त्या बायांनी मायेनेच सांगितलं. ठाऊक नाही असं म्हणायची आमच्यात पद्धतच नव्हती. मोठ्या बाईने तसं म्हटलं तर तिचं मोठेपण काय राहिलं.

मी ठाकुर्लीला परत आले. चाळीतल्या बाया मी विहिरीवर गेले की हळू बोलायच्या. एक जण आपलं तान्हं पदराखाली झाकून घ्यायची. आमचे हे कामावरून येऊन जेवून भिंतीकडे तोंड करून झोपायचे. झालं त्याचं नाव कुणी काढत नव्हतं. सगळ्यांना वाटायचं, काढलं तर मी रडेन.

चांगुणाबाय दुधाचा तांब्या घेऊन आली आणि उंबऱ्यावरच बसली. "पोरगा व्हता का पोरगी?"

"पोरगी."

"कोनावर गेलेली?"

हे मला आईनेसुद्धा विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "केस होते डोक्यावर. पुष्कळ. नाक ह्यांचं."

"आनि रंग?"

"माझा."

"बरा व्हता मग." तिने दूध ओतलं. "पी."

मी तेव्हा रडले, आणि ती उठून गेली नाही. तिच्या लेखी माझी मुलगी होऊन गेलेली होती. बाकी सगळ्यांच्या लेखी ती झालीच नव्हती. चांगुणाबायने माझ्यासाठी काय केलं असं कुणी मला विचारलं तर मी आधी हे सांगेन. ग्रहणाच्या दिवशी जे केलं ते नंतर.

पुढे परत दिवस गेले. तेव्हा तिने आमच्या ह्यांना दारात गाठलं. "पोरीला परत म्हायेरी धारनार काय?"

"रीत आहे, चांगुणाबाय."

"रीत मना ठाव हाय. पोरीला इचारलं काय?"

त्यांनी विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं. मी म्हटलं, मी इथेच राहीन. मग गावाहून सासूबाई आल्या. सासूबाई करड्या, पण वाईट नव्हत्या. त्यांचं आणि चांगुणाबायचं पहिल्या दिवसापासून वाजलं. सासूबाईंना सगळं ठाऊक असायचं आणि चांगुणाबायला काहीच नसायचं, मग जमणार कसं.

रोज दुपारी जेवणं झाली की मी चांगुणाबायच्या ओट्यावर चटई टाकून कुशीवर पडायची. ती शेजारी वाल सोलत बसायची. पोटातल्याला ती पावना म्हणायची. "काय बोलतो आज पावना?" हे तिचं रोजचं. मी म्हणायची, आत्ता इकडे मारली, आता वळलं. ती म्हणायची, "जेवला असंल, मस्ती करतो." एखाद्या दिवशी उशीर झाला तर ती पोटाकडे बघून दम द्यायची, "ए पावन्या, खोलीचा भारा देत नाय तो नाय, वर झोपून राहतो काय?" आणि खरंच, जरा वेळाने हलायचं. तिच्या आवाजाने म्हैस हलायची, तर पोर का नाही हलणार.

सासूबाई आतून म्हणायच्या, "पोटातल्या पोराशी असं बोलू नये. नजर लागते."

"लागतं काय? मना नाय ठाव. उद्या कोनाला इचारते." आणि बोलणं चालूच.

मला नववा सरत आला त्या दिवसांत सूर्यग्रहण आलं. पावसाचे दिवस, आभाळ भरलेलं, सूर्य तसाही दिसत नव्हता, तर ग्रहण कुठलं दिसायला. पण दिसो न दिसो, पाळायचं ते पाळायचंच. गरोदर बाईने ग्रहणात हलायचं नाही, काही कापायचं नाही, उंबरा ओलांडायचा नाही. सासूबाईंनी मला सकाळपासूनच कोपऱ्यात बसवलं. दाराला चादर, खिडकीला गोणपाट. वेध लागले म्हणून पोटात अन्न नाही, पाण्याचा घोटसुद्धा लपवून घेतलेला. पोटावर तुळशीचं पान.

आणि मला जाणवलं की पोट पण माझ्यासारखंच बसलंय. आदल्या संध्याकाळी हललं होतं, त्यानंतरचं मला आठवेना. मी कूस बदलली. थापटलं. काही नाही. जड, जसा पाण्याचा हंडा.

मी सासूबाईंना म्हटलं, "हलत नाहीये."

"गिराणात पोर गप्पच असतं. त्याला पण कळतं. गिराण सुटलं की हलेल."

ते ऐकलं आणि मला माहेरची सुईण आठवली. बोलणं निराळं होतं, पण मी ते आधी ऐकलेलं होतं.

त्या दिवशी दुपारी मी ओट्यावर गेले नव्हते, म्हणून चांगुणाबायच आली. चादरीपलीकडून ओरडली, "काय बोलतो पावना?"

मी म्हटलं, "काहीच बोलत नाही. कालपासून."

चादर बाजूला झाली. सासूबाई किंचाळल्या, ग्रहण लागायची वेळ झालीय, उजेड आत येतो. चांगुणाबाय आत शिरली आणि चादर आपल्या हाताने परत नीट लावली. मी हे मुद्दाम सांगते. लोकांना वाटतं ती असलं काही मानत नव्हती. ती ग्रहण आमच्याइतकंच मानायची. त्या दिवशी तिने बैल पण सोडले नव्हते, विळ्याला हात लावला नव्हता.

ती माझ्यासमोर बसली. "म्हातारी काय बोलतं?"

"गिराणात गप्प असतं म्हणतात."

"असतं काय?" तिने सासूबाईंना विचारलं. भांडायला नाही, सरळ.

"असतंच."

"तू बघलंस?"

सासूबाई म्हणाल्या, "बघायला कशाला पाहिजे. सगळे म्हणतात."

"मना नाय ठाव," चांगुणाबाय म्हणाली. "कल्यानला डॉक्टरीनबाय हाय. चल, इचारू."

"गिराणात बाहेर काढणार तिला? भटजींना विचारल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही."

सासूबाईंना वाटलं असेल, आता ही बसेल गप्प. पण त्यांनी भलत्याच बाईला विचारायला सांगितलं होतं. चांगुणाबाय उठून चालायला लागली.

पुढचं तिने सांगितलं ते असं. भटजी देवळामागच्या तळ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून जप करत होते. ग्रहण लागलेलं, त्यामुळे बोलायचं नाही. ही काठावरून ओरडली, "भटजीबाबा, भरलेली बाय हाय, पोर पोटात हालत नाय, कल्यानला नेऊ काय?" भटजी डोळे मिटून. ही परत ओरडली. "नको बोलू! हो असंल तं हात कर!" काठावर अजून माणसं होती, ती हिला गप्प करायला लागली. भटजींनी डोळे उघडले, हिच्याकडे बघितलं आणि पाण्यातून हात बाहेर काढून केला.

ती धापा टाकत आली. "भटानं हात केला."

"कसा केला?" सासूबाई.

तिने करून दाखवला.

सासूबाई म्हणाल्या, "हा 'जा' म्हणाला, की 'तू निघ इथून' म्हणाला?"

"कोनाला ठाव. पन 'नको' नाय बोलला."

एरवी मी हसले असते. सासूबाई पण हसल्या नाहीत. त्या माझ्याजवळ आल्या, खाली बसल्या आणि त्यांनी पहिल्यांदा माझ्या पोटावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. एका जागी, मग दुसऱ्या जागी. त्यांच्या तोंडावरचं सगळं ठाऊक असणं हळूहळू गेलं. हात काढून त्या म्हणाल्या, "मलाही काही कळत नाही गो." आणि उठून पेटीतली आपली शाल काढून आणली.

चांगुणाबायने बैल जुंपले. ग्रहणात बैल जुंपलेले त्या गावात कुणी बघितले नसतील. गाडीत भाताचं गवत टाकलं, वर चटया बांधून अंधार केला. मला शाल, शालीवर घोंगडी, घोंगडीवर तुळशीची डहाळी. तुळस तिनेच खोचली. मग कासरा धरून पुढे अशी रुंद होऊन बसली की जिकडून सूर्य असायला हवा तिकडे तिची पाठ. म्हणाली, "काय बघायचं तं मना बघ." ते तिने मला नाही सांगितलं, वर बघून सांगितलं. सासूबाई माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. रस्ताभर चांगुणाबाय पोराला शिव्या घालत होती, पावन्या, मेल्या, तुझ्यापायी माझे बैल बाटले. बाजूची माणसं दारं लावून घरात बसलेली, रस्ता मोकळा. त्या दिवसाएवढी लवकर गाडी कल्याणला कधी पोचली नसेल.

डॉक्टरीणबाईंचं बाळंतिणींचं घर लहान होतं, काही खाटांचं. बाई ठेंगण्या, चष्मा, कमी बोलणाऱ्या. त्यांनी आधी मला गोड पाणी पाजलं. मग लाकडी नळी, तुतारीसारखी, माझ्या पोटावर टेकवून कान लावला. इथे लावला, तिथे लावला.

"वाजतं काय बाय?" चांगुणाबायने विचारलं.

"तुम्ही बोलत राहिलात तर मला कसं ऐकू येणार?"

"मी गप हाय."

ती गप्प राहिली. माझ्या बघण्यात ती एकदाच. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, डॉक्टरीणबाईंकडे बघायची हिंमत नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी कान उचलला. "आहे. ठोके आहेत. पण मला आवडत नाहीत, दमल्यासारखे आहेत. हिला आता घरी न्यायचं नाही. दिवस जवळपास भरलेत, मूल बाहेर काढू या."

"गिरान सुटंपर्यंत थांबायला पायजे काय?"

"तुमचं काय मत?"

"मना नाय ठाव. म्हनून तं तुना इचारतंय."

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. म्हणाल्या, "नाही थांबायचं. बरं केलंत विचारलंत ते."

त्यांनी पोराभोवतीची पाणमोट फोडली. पाणी हिरवट होतं, म्हणजे पोराला आत त्रास झालेला. कळा सुरू झाल्या. त्याचं मी सांगत नाही, सगळ्या बायकांना ठाऊक असतं आणि पुरुषांना सांगून उपयोग नाही. उजाडताना सुटका झाली. मुलगी. मानेभोवती नाळेचे वेढे. आधी रडली नाही. मी वर छताकडे बघत पडले होते, तिथे एक पाल होती, ती अजून आठवते. डॉक्टरीणबाई तिला चोळत होत्या, पाठ थोपटत होत्या. आणि दाराबाहेरून आवाज आला, त्या बांधावरून या बांधावर यायचा तसाच:

"ए पावन्या! झोपतो काय!"

मुलगी रडली. डॉक्टरीणबाईंच्या हाताने रडली हे मला कळतं. पण तिला आजही कुणी विचारलं, तर ती सांगते, मला चांगुणाआजीने उठवलं.

तोंड धुऊन बाळाला माझ्याजवळ दिलं तेव्हा चांगुणाबाय आत आली. पहिलं विचारलं ते तेच. "कोनावर गेली?" मी म्हटलं, बघ तूच. तिने वाकून बघितलं आणि म्हणाली, "बहिनीवर." तिने ती पहिली कुठे बघितली होती. पण केस, नाक, रंग, मी सांगितलेलं तिच्या लक्षात होतं.

सासूबाई खाटेच्या पायाशी बसल्या होत्या. त्यांनी तिला विचारलं, "तुला भीती नाही वाटली गो? वाटेत काही झालं असतं तर तुझ्यावर आलं असतं."

चांगुणाबाय खाली बसली, तंबाखू मळायला घेतली, मग कुठे आहोत ते आठवून परत ठेवली. "माज्या दादल्याला शेतान साप डसला," ती म्हणाली. "आली सगली धावत. एक बोलला, बिनविषारी हाय. एक बोलला, कडुलिंब चार. एक मंत्र घालत बसला. सगल्यांना ठाव व्हतं. मना पन वाटलं, इतक्या लोकांना ठाव हाय तं असंल. एक जरी बोलला असता ना, का मना नाय ठाव, तं मी त्याला खांद्यावर टाकून नेला असता." एवढं बोलून ती उठली. "जाते. म्हस ओरडत असंल." तिच्या नवऱ्याविषयी मी आधी आणि नंतर काही ऐकलं नाही. तेवढंच.

जाता जाता ती डॉक्टरीणबाईंपाशी थांबली. "बाय, एक सांग. पोर मोठं झालं का पोटान गप बसतं, सगल्या बोलतात. खरं काय?"

"खोटं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जागा कमी होते, लाथेच्या जागी वळवळ जाणवेल. पण मूल शेवटपर्यंत हलतं. कमी झालं असं आईला वाटलं की त्याच दिवशी यायचं. सणवार, ग्रहण काही बघायचं नाही."

"आनि उगाच आयलो तं? तू वरडशील?"

"उगाच आलात तर चहा पाजीन आणि परत पाठवीन."

ही खबर चांगुणाबायने बाटली हलवायच्या खबरीसारखी वाटली. विहिरीवर, फाटकाशी, बाजारात. कोपर गावापासून कल्याणपर्यंत जिचं पोट दिसेल तिला हटकायची, "पावना बोलतो काय गो?" पुरुषमाणसं लाजून दुसरीकडे बघायची. कितीतरी जणींना तिने त्याच गाडीत घालून नेलं. बहुतेक उगाचच. हसत परत यायच्या, डॉक्टरीणबाईंचा चहा पिऊन. तेव्हाच तिचं ते बोलणं तयार झालं, उगाच जाऊन परत येण्यासारखं सुख नाही. एक-दोघी उगाच गेल्या नव्हत्या. एकीचं वाचलं, एकीचं नाही वाचलं. जिचं नाही वाचलं तिच्या उंबऱ्यावर पण ती दूध घेऊन जाऊन बसली. काय विचारलं असेल ते मला ठाऊक आहे.

सासूबाई गावी परत गेल्या. पुढे माझ्या नणंदेच्या वेळी त्यांनी तिला डोलीत घालून तालुक्याला नेली. लोक म्हणाले, म्हातारीला काय झालं. त्या म्हणाल्या, मला कळत नाही, म्हणून नेते.

मुलगी शाळेत जायच्या वयाची झाली तेव्हा आमच्या ह्यांना ठाण्याला काम मिळालं आणि टेंभी नाक्याजवळ खोली. आम्ही ठाकुर्ली सोडली. त्यानंतर माझी आणि चांगुणाबायची भेट नाही. मी माझ्या पोरांच्या व्यापात, ती तिच्या शेतात. ती गेल्याचं पण मला उशिरा कळलं. म्हणून निघायच्या दिवशीची चांगुणाबाय हीच माझ्याकडे शेवटची.

हातगाडीवर सामान चढलं होतं. ती गोठ्यात धार काढत होती. मी मुलीला पुढे केली, पाया पड म्हटलं. चांगुणाबाय चरवी बाजूला ठेवून उठली, हात लुगड्याला पुसले. आता ती काहीतरी बोलेल आणि मग मी रडेन, अशी मी तयारीने उभी होते. तेवढ्यात बांधावरून एक पोरसवदा बाई आली. कोपरकडची असावी, मी तिला ओळखत नव्हते. पोट पुढे, एक हात पाठीवर. ती चांगुणाबायच्या कानाशी काहीतरी बोलली.

चांगुणाबायने तिच्या पोटाकडे बघितलं. "कईपासून?"

"सकालपासून."

चांगुणाबाय माझ्याकडे वळली. "तू जा गो. रडायचं ते ठान्याला जाऊन रड. मना आथा वेल नाय." आणि बैलांकडे गेली. म्हैस अर्धी पिळलेली तशीच हंबरायला लागली. गाडीत गवत, वर चटई, ती बाई आत, आणि चांगुणाबाय पुढे कासरा धरून तशीच रुंद बसलेली. त्या दिवशी ग्रहण नव्हतं, ऊनही नव्हतं, पण आतल्या बाईपुढे बसायची तिची तीच सवय झालेली. गाडी फाटकाशी वळली तेव्हा तिचा आवाज ऐकू आला, ती त्या पावन्याला शिव्या घालायला लागली होती.

माझ्या मुलीने माझा पदर ओढला. "आई, आजी आपल्याला सोडून कुठे गेली?"

मी म्हटलं, "विचारायला गेली."

मग मी चरवी घेऊन गोठ्यात बसले आणि म्हशीची राहिलेली धार काढली.